अंबाडा, आगवळ आणि धावणारी मुलगी : कसाऱ्याच्या पायथ्याशी उलगडणारा केसांचा इतिहास

१/
वारली चित्रातील माणूस दोन त्रिकोणांचा असतो. टोकाला टोक जुळलेले दोन त्रिकोण म्हणजे धड, वर एक वर्तुळ म्हणजे डोके, काड्यांसारख्या रेषा म्हणजे हातपाय. स्त्री आणि पुरुष दोघेही असेच. मग ओळखायचे कसे? स्त्रीच्या डोक्यामागे एक छोटा ठिपका असतो. तो ठिपका म्हणजे अंबाडा. या धाग्याचा विषय तोच ठिपका आहे.

२/
ही चित्रे मुळात लग्नघरच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, सवाशिणींनी काढायची. जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ती १९७० च्या दशकापासून जगभर गेली. लग्नचौकाभोवतीच्या या चित्रांत स्त्री क्वचितच स्वस्थ बसलेली दिसते. ती भात कांडते, पाणी वाहते, नाचते. म्हणजे चित्र काढणाऱ्या बायांनी स्वतःची खूण म्हणून जे निवडले, ते अंग कष्टत असताना आवरून धरलेले केस होते.

३/
आता जागा पाहू. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील कसारा हे मध्य रेल्वेवरच्या मुंबई लोकलचे शेवटचे स्थानक. पुढे थळ घाट चढला की इगतपुरी, म्हणजे नाशिक जिल्हा. दक्षिणेला मुरबाड आणि नाणेघाट. वारली, ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वस्त्यांचा हा डोंगराळ पट्टा. इथे ‘व्यायाम’ हा शब्द उशिरा आला. चढ, ओझे, चिखल आणि नाच मात्र पिढ्यान्‌पिढ्या होतेच.

४/
सुरुवात नाचापासून. तारपा नाचात मधोमध तारपा वाजवणारा असतो आणि बाकीचे एकमेकांच्या कमरेमागून हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात. साखळी कधी उलगडते, कधी गुंडाळत जाते, आणि हे तासन्‌तास चालते. दोन्ही हात गुंतलेले. तोंडावर बट आली तर ती मागे सारायला हात मोकळा नाही. अशा नाचात केसांना स्वतःच्या बळावर टिकावे लागते.

५/
ते टिकतात कसे? माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. एकेक केस निसरडा, पण हजारो केसांना पीळ दिला की ते एकमेकांना घासून धरतात. दोर वळताना सुताचे जे होते तेच इथे होते. पीळ दिलेला शेपटा स्वतःभोवती गुंडाळायचा आणि टोक आत खोचायचे, की अंबाडा तयार. ना पिन, ना दोरा. केसांना केसांनीच बांधण्याची ही युक्ती सर्वांत जुनी आणि सर्वांत स्वस्त आहे.

६/
वेणीचे गणित थोडे वेगळे. तीन पेड आलटून पालटून एकमेकांवर टाकले की प्रत्येक पेड उरलेल्या दोघांत अडकतो. त्यामुळे झटका एका जागी बसत नाही, सगळ्या लांबीवर वाटला जातो, आणि गुंताही कमी होतो. अडचण फक्त टोकाशी असते, कारण वेणी सुटते ती खालून. तिथे काहीतरी बांधावे लागते. त्या ‘काहीतरी’साठी मराठीत एक सुंदर शब्द होता : आगवळ.

७/
आगवळ म्हणजे स्त्रियांचे केस बांधण्याचा दोरा किंवा गोफ. साध्या घरात सुती, ऐपतीच्या घरात रेशमी आणि गोंडे लावलेला. सुताचा गुण असा की ते केसांवरून घसरत नाही आणि गाठ पक्की बसते. आज दुकानात ‘खेळाडूंसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या केसबंधांकडून हीच अपेक्षा असते : घसरू नये, केस तोडू नयेत आणि चटकन सुटावे. आगवळीने ती अपेक्षा कित्येक पिढ्या पुरवली. शब्द मात्र आज जवळजवळ विस्मृतीत गेला आहे.

८/
केस कुठे बांधायचे, हेही कामावरून ठरते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी. पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो वजन. ते तोलायचे तर टाळू सपाट हवी. म्हणून ओझे वाहणाऱ्या बाईचा अंबाडा मानेपाशी उतरतो. पावसात आवणीच्या वेळी डोक्यावरून पाठीवर इरले येते, तेव्हाही केस खालीच बरे. उंच खोपा शोभतो खरा, पण तो डोक्यावर काहीही न वाहणाऱ्यांचा.

९/
याच तालुक्याच्या पाण्यावर मुंबई जगते. तानसा तलाव १८९२ चा, पुढे मोडकसागर आणि भातसा आले. तरीही उन्हाळ्यात याच परिसरातील पाड्यांवर बायकांना डोक्यावरून पाणी आणावे लागते, ही बातमी दरवर्षी येते. तेव्हा कसाऱ्याच्या बाबतीत ‘शारीरिक श्रमात केस सुरक्षित कसे ठेवावेत’ हा प्रश्न छंदाचा नाही. त्यामागे मैलोन्‌मैलांची पायपीट आहे.

१०/
श्रमाचा आणखी एक अध्याय लोखंडी रुळांचा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा थळ घाटातला मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. चढ ३७ फुटांना १ फूट, इतका की गाडीला मागून ढकलायला कसाऱ्याला जादा इंजिने जोडावी लागत. घाटातले बोगदे आणि पूल हजारो मजुरांच्या हातांनी उभे राहिले. त्या काळच्या रेल्वेकामांवर माती-दगडाच्या पाट्या वाहणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. इंजिनिअरांची नावे नोंदींत राहिली, त्या बायकांची राहिली नाहीत.

११/
आता दोन हजार वर्षे मागे. मुरबाडहून जुन्नरकडे चढणारा नाणेघाट हा सातवाहनांचा व्यापारी मार्ग. तिथल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्तीही तिथे कोरल्या होत्या, पण त्या नष्ट झाल्या आणि नावे तेवढी उरली. त्यामुळे नागनिकेची केशरचना कशी होती, हे नाणेघाट सांगत नाही. त्या काळाचे केस पाहायला दुसरीकडे जावे लागते.

१२/
कुठे? थेट इटलीत. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळत्याजुळत्या हस्तिदंती मूर्ती महाराष्ट्रात तेर आणि भोकरदन इथे मिळाल्या आहेत. अंगावर वस्त्र नाममात्र, पण दागिने आणि केशरचना यांवर कारागिराने जीव ओतलेला. दख्खनच्या कारागिराला केस बांधण्याची कला ठाऊक होती आणि तिचे मोलही ठाऊक होते.

१३/
हीच हौस पुढे सोन्यात उतरली. मूद, राखडी, केवडा, चंद्रकोर, अग्रफूल, अंबाड्यात खोचायचे आकडे. आज हे सारे ‘पेशवाई दागिने’ म्हणून ओळखले जाते. त्यांतील आकड्यांकडे नीट पाहावे : वर फूल, खाली दोन टोके. फूल मिरवण्यासाठी, टोके अंबाडा धरण्यासाठी. मंगळागौरीच्या रात्री झिम्मा-फुगडी रंगली की कोणता भाग खरा कामाचा, ते पहिल्या चार गिरक्यांतच कळत असे.

१४/
मंगळागौर हा सण आहेच, पण नव्याने लग्न झालेल्या मुलींना मनसोक्त उड्या मारण्याची ती मोजक्या संधींपैकी एक होती. फुगडी, पिंगा, सूपनाच, कोंबडा. पाय, पोट, खांदे, श्वास, सगळ्यांची कसोटी. पदर कमरेला खोचलेला आणि केस घट्ट. घराच्या चार भिंतींआड, देवीच्या नावाने, चाललेला हा व्यायामच होता. मात्र त्यात स्थान फक्त सवाशिणींना.

१५/
कारण केस हा अधिकाराचाही प्रश्न होता. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या घरांत पती वारला की स्त्रीचे केशवपन होई. १८९० मध्ये सत्यशोधक आणि कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. वस्तरा धरणाऱ्या हातांनीच तो खाली ठेवला. केसांवर हक्क कुणाचा, या प्रश्नाचे महाराष्ट्राने दिलेले हे मोठे उत्तर.

१६/
म्हणून पुढची गोष्ट समजून घेताना हे लक्षात ठेवावे लागते. एकीकडे केस काढणे ही शिक्षा, दुसरीकडे केस मोकळे सोडणे हे शोकाचे किंवा अंगात आल्याचे लक्षण. ‘नीट बांधलेले केस’ हीच काय ती सभ्यतेची जागा. विसाव्या शतकात मुलगी मैदानात उतरली, तेव्हा तिच्या पाठीवर ही सगळी वेणी होती.

१७/
मैदान हळूहळू आकार घेत होते. पुण्यात डेक्कन जिमखाना १९०६ मध्ये स्थापन झाला. खो-खोचे नियम बांधण्याचे काम तिथे १९१४ च्या सुमारास झाले. त्याच वर्षी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. आरंभी हे जग प्रामुख्याने मुलग्यांचे होते. मुली आल्या त्या शाळांच्या वाटेने, लेझीम आणि कवायतीतून, आणि दोन वेण्या वर बांधून.

१८/
युरोप-अमेरिकेत याच सुमारास वेगळा मार्ग निघाला : केसच कापून टाकायचे. १९२० च्या दशकात ‘बॉब’ केशरचनेची लाट आली. आपल्याकडे तो शब्द ‘बॉबकट’ म्हणून रुजला आणि बराच काळ टोमण्यासारखा वापरला गेला. त्या आखूड केसांसाठी निघालेली नागमोडी पिन मात्र जगभरच्या लांब केसांनीही आपलीशी केली. खेळात तिचा दोष एकच : पडले की धातूचे टोक टोचते.

१९/
मग रबर. लंडनच्या स्टीफन पेरी यांनी १८४५ मध्ये रबरी पट्ट्याचे पेटंट घेतले, ते कागदांचे गठ्ठे बांधण्यासाठी. गठ्ठ्यावरून तो केसांवर आला. घट्ट बसतो, पण उघडे रबर केसांना चिकटते आणि काढताना केस तोडते. रोज त्याच जागी घट्ट ओढून बांधले, तर कपाळाजवळचे केस विरळ होत जातात. स्वस्त उपाय होता, पण किंमत केस मोजत होते. म्हणून पुढे रबरावर सुताचे वेष्टण चढले.

२०/
१९३८ मध्ये अमेरिकेत नायलॉन जाहीर झाले आणि पुढच्या काही दशकांत चकचकीत रिबिनी गावोगावच्या बाजारात पोहोचल्या. नायलॉन टिकते, धुतले की लगेच वाळते, पण सुतापेक्षा निसरडे. म्हणून दुहेरी गाठ आणि वर फूल. शाळेत जाणाऱ्या मुलीच्या दोन वेण्या दुमडून कानांमागे बांधण्याची पद्धत खेळालाही सोयीची ठरली. वजन दोन बाजूंना वाटले जाते आणि पाठीवर काही आपटत नाही. शिस्तीच्या नियमातून नकळत धावण्याची सोय झाली.

२१/
१९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉमी रेव्हसन यांनी आणखी एक पेटंट मिळवले : कापडात गुंडाळलेले इलॅस्टिक, म्हणजे ‘स्क्रंची’. आत ताण, बाहेर मऊ सुती किंवा मखमली झालर. कल्पना नवी म्हणून गाजली. पण आगवळीच्या शेजारी ठेवून पाहिली तर नाते लगेच ओळखू येते. केसांना कापडाने धरा, रबराने नव्हे, एवढेच दोघींचे म्हणणे.

२२/
आता पुन्हा मातीत, कबड्डीच्या मैदानावर. नियम असा की चढाई करणाऱ्याला धड आणि हातपाय यांखेरीज अन्यत्र धरता येत नाही. म्हणजे वेणी धरून पकड करता येत नाही. तरीही झटापटीत सुटलेला शेपटा कुणाच्या बोटांत अडकेल, हे नियम सांगू शकत नाही. म्हणून वेणी घालून ती वर गुंडाळायची आणि रुंद पट्टा लावायचा. नियम संरक्षण देतो, भरवसा मात्र गाठीवरच असतो.

२३/
कसाऱ्याचा घाट चढून पलीकडे गेले की नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा हे आदिवासी गाव. तिथली कविता राऊत. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य, आणि २०१६ मध्ये ती रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे तिचे नाव. डोंगरात पाण्यासाठी आणि शाळेसाठी पायपीट करणाऱ्या मुलींचे बळ जगाच्या पटावर मोजले गेले, ते तिच्यामुळे.

२४/
आणि नाशिकच्याच शैलजा जैन. कबड्डीच्या या प्रशिक्षिका इराणच्या महिला संघाला शिकवायला गेल्या. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने भारतालाच २७–२४ असे हरवले. इराणी खेळाडूंचे केस पूर्ण झाकलेले होते, मानेसह. मराठी मातीत शिकलेली पकड आणि अंगाला घट्ट बसणारे शिरोवस्त्र, असा तो सुवर्णपदकाचा संघ होता.

२५/
त्याच इराणच्या मुलींनी शिरोवस्त्रामुळे एक स्पर्धा गमावलीही होती. जून २०११ मध्ये ऑलिंपिक पात्रता फेरीत जॉर्डनविरुद्धच्या फुटबॉल सामन्याआधी त्यांना त्याच कारणावरून बाहेर काढण्यात आले. फिफाने २०१२ मध्ये प्रायोगिक परवानगी दिली आणि २०१४ मध्ये ती कायम झाली. बास्केटबॉलने २०१७ पर्यंत वाट पाहिली. मायदेशात केस झाकण्याची सक्ती, परदेशात झाकल्याबद्दल बंदी. दोन्ही निर्णय दुसऱ्यांनीच घेतलेले.

२६/
पोहण्यातही तेच. दाट, कुरळ्या केसांसाठी बनवलेल्या मोठ्या टोप्यांना आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने टोकियो ऑलिंपिकसाठी २०२१ मध्ये मान्यता नाकारली. टीका झाली आणि २०२२ मध्ये ती द्यावी लागली. डोक्यावरची टोपी कुणाच्या केसांच्या मापाने शिवली जाते, यावरून खेळ कुणाचा समजला जातो ते ठरते. कसाऱ्याच्या इरल्याचे माप मात्र ते वापरणाऱ्यांनीच ठरवले होते.

२७/
महाराष्ट्राने १९९४ मध्ये महिला धोरण आणले आणि शासकीय नोकऱ्यांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखल्या. पोलीस भरतीचे मैदान त्यातून गावागावांतल्या मुलींसाठी खुले झाले. शारीरिक चाचणीत त्यांना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. सेकंदावर गुण ठरणाऱ्या या परीक्षेत डोळ्यांवर आलेली एक बटही महागात पडते. निवड झाली की पुढे टोपीखालचा काळ्या जाळीतला अंबाडा. पाहणाऱ्याला तो गणवेशाचा भाग वाटतो. वारली चित्रातल्या ठिपक्याशी त्याचे रूप नेमके जुळते.

२८/
या साऱ्या इतिहासाचा धागा एकच. केस धरण्याची युक्ती स्त्रियांना कधीच कमी पडली नाही. पीळ, पेड, सूत, आकडा, रिबीन, रबर, जाळी, प्रत्येक काळाने हाताशी होते ते वापरले. कमी पडली ती मोकळीक : केस ठेवायचे की कापायचे, झाकायचे की दाखवायचे, आणि ते बांधून कुठवर धावायचे, हे स्वतः ठरवण्याची.

२९/
पुढे कधी वारली चित्र दिसले तर नाचाचे ते गुंडाळत जाणारे वर्तुळ निरखावे. हात एकमेकांत गुंतलेले, पाय हवेत, आणि डोक्यामागे ते छोटे ठिपके. संपूर्ण साखळीत एकही ठिपका सुटलेला दिसणार नाही. ज्यांनी तो पहिल्यांदा काढला, त्यांना पक्के ठाऊक होते की नाच रात्रभर चालणार आहे आणि पहाटे पाण्याला जायचे आहे.

(धागा समाप्त)